मूळ स्थितीत आलेला सदरा

पाऊस गेला असं बातम्यांत सांगतात, म्हणून तो गेला असं मी मानत नाही. आमच्या कडाव गावातल्या बायका घरातल्या गोधड्या धुऊन कुंपणांवर टाकतात, तेव्हा तो गेला. या एका बाबतीत माझा त्या बायकांवर पूर्ण विश्वास आहे. इतर सर्व बाबतींत माझा त्यांच्यावर संशय आहे, आणि तो निराधार नाही हे पुढे दिसेलच.

परवा सकाळी तो दिवस पुन्हा उगवला. समोरच्या कुंपणावर पहिली गोधडी पडली, मग शेजारच्या, आणि दहा वाजेपर्यंत रस्त्याच्या वळणापर्यंत लाल, जांभळ्या, विटक्या हिरव्या रंगांची रांग लागली. चार महिने घरात कोंडलेली ओल उन्हात सुटायला लागली की तिचा एक वास येतो. जुन्या सुताचा, चुलीच्या धुराचा, मुलांच्या अंगाचा. पलीकडे शेतात लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडू लागलेलं असतं. त्याचा कोवळा, गोडसर वास वाऱ्याबरोबर येऊन या वासात मिसळतो. लोक म्हणतात, आश्विनातली सकाळ प्रसन्न असते. मी आश्विनातल्या सकाळी उठतो, ओटीवर जातो आणि माझी कपडे वाळत घालायची तार तपासतो. सदरे किती, पायजमे किती, चिमटे किती.

ही सवय मला एका वर्षीच्या आश्विनाने लावली. माझी नात आता बालवाडीत जाते. ती जन्मण्याच्या आधीचा तो आश्विन. त्या पंधरवड्यात मी एक प्रकरण लढलो आणि जिंकलो. जे जिंकलो ते तिचं अंथरूण होतं, हे मला निकालानंतर कळलं.

मुळात गोधडी ही वस्तूच संशयास्पद आहे. जे वर दिसतं ते खाली असेलच असं नाही. वर एखादं धडकं लुगडं, खाली कुणाचं धोतर, त्याखाली कुणाचा परकर, आणि सगळ्यात आत काय दडवलंय ते शिवणारीलाच ठाऊक. साक्षीदाराचा पहिला जबाब असाच असतो. वरचा थर बघून माना डोलावणारे पुष्कळ असतात. टाके उसवून आत पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. खालापूरच्या न्यायालयात मी नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम घेऊन बेलीफ गावोगाव जायचे, त्यांच्यावर देखरेख करणं हे माझं काम. चौतीस वर्षांच्या नोकरीने मला दोन गोष्टी शिकवल्या. तोंडी बोललेल्याला किंमत नाही, ही एक. दुसरी अशी की कागद हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा पडतो, ते बघायचं नाही. बघितलं तर नोकरी होत नाही.

माझी पत्नी विमल त्या आश्विनाच्या दीड वर्ष आधी गेली. तिच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली. आमची एकुलती मुलगी प्रज्ञा लग्न होऊन नेरळला राहते. तिचा नवरा रसायनीच्या एका कारखान्यात कामाला आहे. जलदान विधी झाल्यावर प्रज्ञाने मला विचारलं, “दादा, आईच्या साड्या मी नेऊ का?” प्रश्न साधा होता. मी तिला लेखी उत्तर दिलं. जावक क्रमांक घातला, विषय लिहिला, आणि खाली असं कळवलं की सदर वस्तूंची यादी करण्याचे काम चालू असून त्यांच्या वाटपाबाबत यथावकाश निर्णय घेण्यात येईल. पत्र टपालाने पाठवलं. ते मिळाल्यावर तिने फोन केला नाही. मीही केला नाही. पत्राला पत्रानेच उत्तर यावं, अशी माझी अपेक्षा होती. दीड वर्ष झालं तरी उत्तर आलं नव्हतं.

यादी मात्र मी पूर्ण केली होती. पांढऱ्या साड्या, निळ्या काठाच्या, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या: चार. रंगीत साड्या: पाच. आणि शेवटी, क्रमांक दहा: लोकरीचा मोजा, पिवळा, तान्ह्या मुलाचा, एक, अपूर्ण, सुयांसह. विमल चांगलं विणायची. गावात कुणाकडे बाळ होणार असलं की हिच्या सुया चालू व्हायच्या. टोपडी, मोजे, बंदांची झबली. कोकणच्या उकाड्यात तान्ह्या मुलाला लोकर कशाला, असं मी तिला विचारत असे. ती म्हणायची, “उकाडा तुम्हाला. ते आत्ताच आलंय.” तो मोजा मी यादीत नोंदवला. तो अर्धाच का राहिला, हे मात्र मला विचारावंसं वाटलं नाही. विचारायला कोणी उरलं नव्हतं, असं मी म्हणेन. पण ते खरं नाही. मुलगी होती.

तर त्या आश्विनात पहिल्यांदा माझी लुंगी गेली.

लुंगी जुनी होती, इतकी की उन्हात धरली तर पलीकडचं आंब्याचं झाड दिसायचं. ती तारेवरून नाहीशी झाली. वारा नव्हता. तीन दिवसांनी पायजमा गेला. त्यानंतर पंचा. मी घटनास्थळाची पाहणी केली, आणि मला एक विचित्र गोष्ट आढळली. कपडा जाई, पण चिमटे राहत. नुसते राहत नसत, तारेवर दोन्ही शेजारी शेजारी नीट लावलेले असत. चोर घाईत असतो. हा चोर चिमटे जागेवर लावून जात होता. याचा अर्थ तो चोर बाई होती, आणि तिला या घराची तार परकी नव्हती.

मी पोलीस ठाण्याला अर्ज दिला. एक हवालदार येऊन गेला. चहा घेतला, तार पाहिली आणि फार मायेने विचारलं, “साहेब, लुंगी जुनी होती ना?”

“प्रश्न लुंगीच्या वयाचा नाही,” मी म्हणालो. “प्रश्न मालकीचा आहे.”

“खरंय,” तो म्हणाला. “पण नवीन दोन सदरे सोडून त्यानं फाटका पंचाच का नेला असेल?”

प्रश्न योग्य होता. त्याने तो उत्तर न शोधता माझ्याकडेच ठेवला आणि गेला. मी रात्रंदिवस त्यावर विचार केला. ज्याला अंगावर घालायचं असेल तो नवं नेईल. जुनं, विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड ज्याला हवं, त्याचा हेतू काय? मला सुचले ते सगळे हेतू वाईट होते. आमच्या घरात कर्मकांडाला थारा नाही. पण गावात कोण कुणाच्या वापरल्या कपड्याने काय करतं, हे मी ऐकून होतो. त्या विषयावर मी ग्रामपंचायतीला दोन पानी पत्र लिहिलं.

आणि मग माझा सदरा गेला.

हा सदरा साधा नव्हता. पांढरा, सुती, पुढच्या खिशावर निळ्या शाईचा सुपारीएवढा डाग. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात सही करताना पेन गळलं, तो डाग. विमलने लिंबू लावून, मीठ लावून तो काढायचा प्रयत्न केला होता. डाग फिका झाला, गेला नाही. ती म्हणाली, “राहू दे. नाझर होता याचा पुरावा.” तो सदरा मी घरात वापरत असे. कॉलर विरली होती, कोपरं झिरझिरीत झाली होती. त्या सकाळी तारेवर दोन चिमटे शेजारी शेजारी होते आणि सदरा नव्हता.

दोन दिवसांनी मी दुधाला निघालो होतो. गल्लीच्या टोकाला तानाबाईंचं घर आहे. तानाबाई म्हणजे विमलची मैत्रीण. गावातल्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या. शेती, दोन म्हशी, आणि दुपारचा सगळा वेळ हातात सुई. त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर शिवण होतं. मला पाहताच त्यांनी शिवणावर पदर ओढला. निष्पाप माणूस शिवणावर पदर ओढत नाही. पण पदर पुरा पडला नाही. एक पांढरा कोपरा बाहेर राहिला, आणि त्या कोपऱ्यावर निळा डाग होता.

“काय नाझरभाऊ, दूध आनायला?” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो, आणि पुढे गेलो. तिथे एक शब्द बोललो असतो, तर सगळं दोन मिनिटांत संपलं असतं. पण तोंडी बोललेल्याला किंमत नाही.

घरी आलो आणि नोटीस लिहिली. अजूनही तिची स्थळप्रत माझ्या फायलीत आहे. वस्तूंचं वर्णन दिलं, ओळखीच्या खुणा दिल्या, आणि शेवटी लिहिलं: ‘सदर नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांचे आत उपरोक्त सर्व वस्तू मूळ स्थितीत परत कराव्यात, अन्यथा पुढील कायदेशीर कारवाई करण्यात येईल व त्याच्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ खाली सही, आणि सहीखाली शिक्का. निवृत्तीनंतर मी स्वतःसाठी एक रबरी शिक्का करून घेतला आहे. त्यावर माझं नाव आणि ‘सेवानिवृत्त नाझर’ एवढंच आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. जांभळ्या शाईचा गोल शिक्का कसा दिसतो, हे मला अर्थात माहीत होतं.

पोस्टमनकडून पोचपावती आली. तीवर अंगठा होता.

ते सात दिवस मी ज्या समाधानात काढले, त्याची आज मला लाज वाटते. रोज सकाळी मी तारेकडे बघत असे. काहीही जात नव्हतं. कायद्याचा वचक म्हणतात तो हाच, असं मी स्वतःला सांगत होतो. तानाबाईंच्या ओटीवर दुपारी कोणी बसत नव्हतं. गावभर गोधड्या वाळत होत्या, आणि गावातली सर्वांत चांगली गोधडी शिवणारी बाई दार लावून आत काय करते आहे, याचा मला संशयही आला नाही. ज्या एका ठिकाणी यायला हवा होता, नेमका तिथे आला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी त्या आल्या. डोक्यावर गाठोडं होतं. ओटीवर न बसता त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

“मोजून घ्या, नाझरभाऊ.”

“त्याची गरज नाही.”

“तुमाला नसंल. आमाला हाय. उद्या परत कागुद येल.”

मी गाठोडं सोडलं. लुंगी होती, पायजमा होता, पंचा होता. धुतलेले, घड्या घातलेले. पण लुंगीला मधोमध जोड होता, पायजम्याचा एक पाय चार तुकड्यांचा होता. आणि सगळ्यांत वर माझा सदरा होता. तो मी उचलला, आणि क्षणभर मला कळेना की हातात काय आलं आहे. बाह्या होत्या, पाठ होती, पुढे दोन पाखे होते, डागाचा खिसा डाव्या बाजूला होता. पण सगळा सदरा गोधडीच्या टाक्यांनी जोडलेला होता. लांब लांब, सरळ धावते टाके. काखेत, खांद्यावर, कॉलरभोवती. गुंड्यांच्या जागी गुंड्या होत्या, काजांच्या जागी काजं होती, फक्त ती समोरासमोर येत नव्हती. आणि सगळ्या कापडावर, जिथे शिवण नव्हती तिथेही, बारीक भोकांच्या ओळी होत्या. शेजारी शेजारी, नांगरटीसारख्या. आधीचे टाके उसवले, त्यांच्या खुणा.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“दवाखान्याच्या आशाताईनं कागुद वाचून दावला. म्हनली, जसं होतं तसं पायजे, असं लिवलंय. मंग जसं होतं तसं केलं. बाही लागंना नीट. सदरा कदी शिवला नाय ओ मी. गोदडी शिवते.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “साऽऽरी उसवली. पाच दिस उसवत व्हते. शिवायला न्हाई लागत एवढा येळ.”

पोच द्या म्हणाल्या. मी पोच लिहून दिली. त्या कागद घडी घालून चोळीत ठेवून निघून गेल्या. चेहरा बघायचा नाही, हा माझा नियम होता. त्या दिवशी मी तो पाळू शकलो नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला होता. मी सदरा मांडीवर घेऊन ओटीवर बसलो. बाहेर ऊन तापत होतं, कुंपणांवरच्या गोधड्या वाफ सोडत होत्या. सदऱ्याच्या उजव्या खांद्याच्या शिवणीत काहीतरी निळं दिसलं. मी चष्मा पुसून पाहिलं. शिवणीत अडकून राहिलेली कापडाची बोटभर पट्टी होती. पांढरं सूत आणि त्याला बारीक निळा काठ.

हा काठ मी तीस वर्षं पौर्णिमेला पाहत आलो होतो.

माझा पहिला विचार काय होता ते मी लपवणार नाही. माझा पहिला विचार होता: या बाईने ट्रंकही उघडली. मी किल्ली शोधली, ट्रंक उघडली, यादी काढली. पांढऱ्या साड्या चार, होत्या. रंगीत पाच, होत्या. मोजा एक, अपूर्ण, सुयांसह, होता. म्हणजे ही पट्टी पाचव्या पांढऱ्या साडीची होती. जी यादी करण्यापूर्वीच घराबाहेर गेली होती. माझ्या अभिलेखात नसलेली वस्तू. मी तडक तानाबाईंकडे गेलो. त्या म्हशींपुढे पेंढा टाकत होत्या.

“ही साडी तुमच्याकडे कशी आली?”

त्यांनी पट्टी बघितली. “ऱ्हायलीच का ती आत,” त्या म्हणाल्या. “विमलनं दिली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी. फुडं पोरीच्या बाळाला लाव म्हनली, आत, पोटाशी येल अशी.”

“कोणत्या पोरीच्या?”

“परज्ञीच्या. आनिक कंच्या?”

“तिला कुठे बाळ आहे?”

तानाबाईंच्या हातातला पेंढा हातातच राहिला. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिलो नव्हतो, पण तिथून काय दिसत असेल ते मला कळलं.

“तुमाला ठाव नाय?” त्या हळूच म्हणाल्या. “नववा लागलाय ना भाऊ तिला. पयलं गेलं पाचव्यात, विमल व्हती तवा. म्हनून या बारीला कुनाला बोलली नाय. मला आशाताईकडनं निरोप आला.”

पहिलं गेलं. विमल होती तेव्हा. पिवळा मोजा, एक, अपूर्ण. माझ्या घरात एक मूल यायचं राहिलं होतं, माझ्या बायकोने हातातलं विणकाम मध्येच थांबवून ट्रंकेत ठेवलं होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? इस्पितळाला पत्र लिहिलं असतं.

“मग माझे कपडे मागितले का नाहीत?”

“मागनार व्हते. विमलच म्हनली, त्यांच्याकडं मागू नको गं. मागशील तर अर्ज करायला लावतील. तारंवरनं उचल. जुनं बघून उचल, नवं नको. नवं बाळाला टोचतं.” आणि मग त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. “चिमटं मातुर जागेवर लाव म्हनली. चिमटं हारवलं की वरडतात.”

या जबाबाचं कायद्याने काय होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कटाची मुख्य सूत्रधार हयात नव्हती. तिचं विधान दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं, आणि सांगणारीचा त्यात हितसंबंध होता. कोणतंही न्यायालय ते मानणार नाही. पण ‘अर्ज करायला लावतील’ हे वाक्य तानाबाई रचू शकल्या नसत्या, आणि चिमट्यांचं तर मुळीच नाही.

आमच्याकडच्या बायका पोटातल्या बाळाची गोधडी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या कपड्यांची करतात. का, तर त्याचं आयुष्य बाळाला लागावं. मी त्यांना सांगितलं की यास शास्त्रीय आधार नाही. तानाबाई म्हणाल्या, “नसंल. पन कापड मऊ असतं ना?”

“परत शिवा,” मी म्हणालो.

“नाय.”

“का?”

“माज्याकडं कागुद हाय तुमचा. शिक्क्याचा. त्यो मोडून मी शिवायला बसू, आन उद्या तुमाला परत आठवन झाली मंग? दुसरा कागुद आना.”

मी आयुष्यात किती पत्रं लिहिली असतील, याची गणती नाही. त्या दुपारी लिहिलेलं पत्र सर्वांत लहान आहे आणि त्याचे तीन खर्डे फाडले. पहिल्यात मी कारणं दिली होती. दुसऱ्यात अटी होत्या. तिसऱ्यात ‘माणुसकीच्या दृष्टिकोनातून’ असा शब्दप्रयोग होता. तो वाचून माझा मलाच राग आला. शेवटी लिहिलं: ‘दिलेली नोटीस मी मागे घेतो. ती चुकीची होती. तारेवरचे कपडे तुमचे आहेत.’ सही केली. शिक्का हातात घेतला आणि परत ठेवला. मग पुन्हा उचलून मारला, कारण त्याच्याशिवाय तानाबाईंनी तो कागद धरलाच नसता.

गाठोड्याबरोबर मी ट्रंकेतली आणखी एक पांढरी साडी नेली. यादीत दुरुस्ती केली नाही. ती यादी आज कुठे आहे, मला खरोखर माहीत नाही.

सदरा मी स्वतः उसवला. बाही काढताना मला समजलं, की त्या बाईंनी ती किती वेळा लावून पाहिली होती. एकाच जागी तीन-तीन भोकं होती. आम्ही त्यांच्या ओटीवर साडी अंथरली, त्यावर थर घातले, कडा दगडांनी दाबल्या. तानाबाई काठापासून आत आत शिवत जायच्या. त्यांना सुईत दोरा ओवता येईना, डोळ्यांचा त्रास. तो मी ओवायचा. माझेही डोळे काही बरे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. “अगं बया, नाझर दोरा ववतोय!” “ओवा ओवा, जप्ती तरी चुकंल!” मी मान वर केली नाही. त्या ओटीवर अडीच दिवस शेणाचा, पेंढ्याचा आणि उन्हात तापलेल्या सुताचा वास येत होता, आणि मी इतकी वर्षं कुणाच्या तरी ओटीवर केवळ कागद घेऊनच का गेलो, असं मला वाटत होतं.

तीन बाजू झाल्यावर त्यांनी दोरा तोडला. चौथी मोकळी.

“ही का ठेवली?”

“बाळ आल्याबिगर चौथी शिवीत नाय.”

“याला कोणताही आधार नाही, तानाबाई.”

“मंग शिवा तुमी.” त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

मिनिडोर रिक्षात मांडीवर उघड्या तोंडाची गोधडी घेऊन मी नेरळला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींचे फलक, त्यांवर हसणारी गोबरी बाळं. एका दुकानात ‘आजीच्या हातची गोधडी’ अशी पाटी लावून गोधड्या टांगलेल्या असतात. त्यांचे सगळे टाके सारखे आहेत, अगदी एका मापाचे. दमलेल्या माणसाचा टाका दुपारनंतर लांबतो, यांचा लांबत नाही. त्या दुकानाला मी नंतर पत्र लिहून सदर आजीचं नाव विचारलं. उत्तर नाही.

तिसऱ्या मजल्यावर प्रज्ञाने दार उघडलं. पोट पुढे, हात कमरेवर, चेहऱ्यावर विमलचं कपाळ. माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं. मी पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

“याला जावक क्रमांक घातलाय का, दादा?” ती म्हणाली.

“नाही.”

“वाटपाबाबत निर्णय झाला म्हणायचा.”

“हो.”

तिने गोधडी घेतली. उघड्या बाजूने हात आत घातला, थर बोटांनी वेगळे केले, आणि निळ्या काठाशी पोचल्यावर तिचा हात तिथेच थांबला. मग डोकं खाली घालून ती म्हणाली, “आत या. पाय धुऊन घ्या, रस्त्याची धूळ आहे.” दीड वर्षाने आलेलं ते उत्तर होतं. मी ते तोंडी स्वीकारलं.

नात अकरा दिवसांनी झाली. चौथी बाजू तानाबाईंनी नेरळला येऊन शिवली. शेवटचा वीतभर भाग त्यांनी मला शिवायला लावला. ते टाके वाकडे आले. दर आश्विनात गोधडी धुऊन वाळत पडते, तेव्हा मी ते तपासतो. दोन वर्षांपासून ते मला जरा सरळ वाटू लागले आहेत. कुणीतरी गुपचूप उसवून परत घातले असावेत, असा माझा संशय आहे. तानाबाई नाकारतात. नात डागावर बोट ठेवून विचारते, “हे काय सांडलं?” मी सांगतो, “पुरावा.”

आणि आता या वर्षी पुन्हा काही बाबी माझ्या लक्षात आल्या आहेत. गेल्या महिन्यात प्रज्ञा घरी आली, आणि कधी नव्हे ती ट्रंकेजवळ बसली. पिवळा मोजा हातात घेऊन तिने सुया फिरवून पाहिल्या, आणि मी आत आल्याबरोबर खाली ठेवला. जेवताना तिला वांगं नको झालं, जे तिला फार आवडतं. मागच्या आठवड्यात तानाबाईंनी रस्त्यात थांबवून मला विचारलं, “नाझरभाऊ, तुमचा त्यो चौकड्यांचा सदरा किती सालांचा झाला ओ?” आणि उत्तर न ऐकताच निघून गेल्या. कुणी मला काही सांगितलेलं नाही. कुणी सांगणारही नाही. पहिलं गेलेलं या घरात कुणी विसरलेलं नाही. मी विचारलं नाही. परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा आहे.

परवा गोधड्या बाहेर पडल्या, त्या दिवशी मी चौकड्यांचा सदरा धुतला. कॉलर विरलेली, कोपरं झिरझिरीत. तारेवर घातला, नवे कपडे मुद्दाम आत ठेवले, आणि खिडकी लावून घेतली. संध्याकाळी पाहिलं, सदरा तिथेच. काल दिवसभर तिथेच. मला फार राग आला. माझा तो कागद तानाबाईंकडे अजून आहे, जांभळ्या शिक्क्याचा. तारेवरचे कपडे तुमचे आहेत असं मी स्वच्छ लिहून दिलं आहे. मग विलंब का? की माझा तर्कच चुकला? की पुन्हा काही अघटित झालं, आणि ते पुन्हा माझ्यापासून लपवलं जात आहे? रात्री नीट झोप लागली नाही.

आज सकाळी उठून मी ओटीवर गेलो. दव पडलं होतं, भाताचा वास येत होता, कुंपणं अजून रिकामी होती. तारही रिकामी होती. तिच्यावर दोन चिमटे होते, शेजारी शेजारी, नीट लावलेले.